जपानी वाड्यातलं मराठी बिऱ्हाड

सांगलीत आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक सायबर कॅफे होता, तासाला पंधरा रुपये. २००५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत दादा आणि मी तिथल्या कोपऱ्यातल्या मशीनवर ‘पोकेमॉन रेड’ खेळायचो. पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचे, झुंजवायचे आणि गावोगाव हिंडायचं, असा तो खेळ. कीबोर्ड त्याच्या ताब्यात, मी शेजारी बसून नुसत्या सूचना द्यायच्या. कार्टून नेटवर्कवर ती मालिका हिंदीत लागायची, त्यामुळं पिकाचू कोण हे ठाऊक होतं. पण हा खेळ मुळात गेमबॉय नावाच्या हातात धरायच्या यंत्रासाठी लिहिलाय, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. आम्ही दोघंही मराठी माध्यमातले. पडद्यावर इंग्रजी वाक्य उमटलं की ते वाचायचं नसतं, बटण दाबून घालवायचं असतं, अशी आमची पक्की समजूत.

या समजुतीची किंमत खेळातल्या सॅफ्रन शहराच्या वेशीवर मोजावी लागली. शहराला चार दिशांनी चार वाटा आणि चारही नाक्यांवर पहारेकरी. आत सोडायला एकही तयार नाही. आम्ही भुयारी रस्त्यांनी वळसे घालत बाकी सगळं पालथं घातलं, सहा बिल्ले मिळवले. एकेका जिममध्ये, म्हणजे झुंजीच्या आखाड्यात, जिंकलं की एक बिल्ला. आठव्या जिमचं दार सात बिल्ल्यांशिवाय उघडत नाही आणि सातवा बिल्ला सॅफ्रनमध्ये. पंधरा दिवस त्या पहारेकऱ्यांशी रोज बोललो. प्रत्येक वेळी दादानं वाक्य संपायच्या आत बटण दाबलं. मग एके दिवशी कॅफेवाल्यांनी मशीन फॉरमॅट केलं आणि आमचा खेळ पुसला गेला. पहारेकरी म्हणत होता की त्याला तहान लागलीय. एवढंच. सेलाडॉनच्या मोठ्या दुकानाच्या गच्चीवरून थंड पेय आणून दिलं असतं तर वाट मोकळी होती.

हे सगळं विसरले होते. २०२१ मध्ये मावसभाऊ जर्मनीहून आला तेव्हा जुन्या बाजारातून घेतलेला गेमबॉय कलर आणि रेडचं काडतूस, म्हणजे यंत्रात खोचायची खेळाची डबी, घेऊन आला. काडतुसातली बटणासारखी बॅटरी मेलेली, त्यामुळं खेळ साठवला जात नव्हता, पण चालत होता. बहिणीचा मुलगा तेव्हा तिसरीत, मिरजेच्या मराठी शाळेत. त्याच्या हातात यंत्र दिलं आणि पाहते तर हा पठ्ठ्या अगदी दादासारखाच बटण दाबत सुटला. मध्येच थांबून विचारायचा, “मावशी, हा काय म्हणतोय?” पहिल्या संध्याकाळी मी हौसेनं सांगितलं. दुसऱ्या संध्याकाळी माझाच घसा बसला. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं की हा खेळच मराठीत बोलायला हवा.

किती वेळ लागेल? मला वाटलं, एक दिवाळीची सुट्टी. लागली अडीच वर्षं.

माझं रोजचं काम बँकेच्या सॉफ्टवेअरची चाचणी घेण्याचं. गेमबॉयची असेम्ब्ली भाषा मी बापजन्मात पाहिली नव्हती. पण इथं एक मोठी सोय आहे. प्रेट नावाच्या हौशी मंडळींच्या गटानं पहिल्या पोकेमॉन खेळांचा मशीन कोड उलगडून, त्याला माणसाला वाचता येतील अशी नावं आणि टिपा देऊन, सगळा उघड ठेवलाय. रेडच्या प्रकल्पाचं नाव ‘पोकेरेड’. तो उतरवून घ्यायचा, आरजीबीडीएस हा असेम्ब्लर, म्हणजे त्या कोडची चालणारी फाइल बनवणारं साधन, बसवायचा, टर्मिनलमध्ये ‘मेक’ लिहायचं, की काही सेकंदांत मूळ काडतुसाशी बाइटला बाइट जुळणारी फाइल तयार होते. जुळते की नाही हे तपासायची आज्ञाही त्यातच आहे. पहिल्यांदा ती जुळली तेव्हा मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात गेले आणि सगळ्यांना सांगितलं. कुणालाच काही कळलं नाही. आईनं “बरं झालं हो” म्हटलं.

मजकूर शोधायला कष्ट पडत नाहीत. प्रत्येक ठिकाणचे संवाद वेगळ्या फाइलमध्ये, इंग्रजीत, अवतरणचिन्हांत. त्या रात्री मी पहिलंच वाक्य बदलून रोमन लिपीत मराठी घातलं आणि प्रोफेसर ओक पडद्यावर येऊन ‘नमस्कार’ म्हणाले. इतकं सोपं असेल तर काय हवं! दुसऱ्या दिवशी देवनागरीला हात घातला आणि सगळं अडलं.

गेमबॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा. यंत्र त्याच्याकडे ठिपके म्हणून बघत नाही, आठ बाय आठच्या फरश्या म्हणून बघतं. आडव्या वीस, उभ्या अठरा. एका अक्षराला एक फरशी. ‘ए’ असो की ‘झेड’, आठ बाय आठमध्ये आरामात बसतात. आता त्याच आठ ओळींत ‘र्की’ काढून बघा. वर रफार आणि वेलांटी, मग शिरोरेषा, मग अक्षराचं धड, आणि ‘कू’ असेल तर खाली ऊकार. मी गणिताची चौकटीची वही आणली आणि पेन्सिलीनं चौकोन भरत बसले. धडाला चार ठिपके उरत होते. त्यात ‘म’, ‘भ’ आणि ‘न’ सख्खी भावंडं दिसायला लागली, आणि ‘क्ष’ म्हणजे नुसता डाग. ‘भूत’ लिहिलं ते भाच्याला दाखवलं. त्यानं बराच वेळ बघून ‘मूत’ वाचलं आणि हसून लोळला. तो आराखडा तिथंच बाद.

आठवडाभर वही मिटून ठेवली. मग एकदा नुसतीच खेळत होते, कसलाही विचार न करता, आणि डोळ्यांसमोर रोज असलेली एक गोष्ट त्या दिवशी दिसली. खालच्या संवादाच्या चौकटीत दोन ओळी असतात, प्रत्येकी अठरा अक्षरांच्या. या दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. पहिल्या ओळीच्या वर एक आख्खी रांग मोकळी, दोन ओळींच्या मध्ये पुन्हा एक रांग मोकळी. इतक्या चिमुकल्या पडद्यावर एवढी उधळपट्टी कशाला?

कारण हा वाडा इंग्रजीसाठी बांधलेलाच नाही. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये रेड आणि ग्रीन निघाले तेव्हा सगळा मजकूर ‘काना’ या जपानी अक्षरमालेत होता. जपानी ‘का’च्या डोक्यावर दोन छोट्या रेघा दिल्या की ‘गा’ होतो. त्या रेघांना डाकुतेन म्हणतात. खेळ बनवणाऱ्या गेम फ्रीक कंपनीच्या लोकांनी प्रत्येक ‘गा-गि-गु’साठी वेगळी फरशी खर्च केली नाही. खाली ‘का’ची फरशी ठेवली आणि वरच्या मोकळ्या रांगेत डाकुतेनची. १९९८ मध्ये अमेरिकेसाठी इंग्रजी आवृत्ती आली. इंग्रजीला डोक्यावर काही लागत नाही, पण चौकट तशीच राहिली. वरची खोली रिकामी आणि कुलूपबंद.

आपल्याला नेमकी तीच हवी होती. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, रफार, चंद्र: मराठीचा अर्धा संसार शिरोरेषेच्या वर असतो. आठ बाय आठऐवजी आठ बाय सोळा जागा मिळाली तर वर चार ठिपके, एक शिरोरेषा, आठ ठिपक्यांचं धड आणि खाली तीन ठिपके ऊकाराला. वही पुन्हा काढली. ‘भूत’ आता भूतच वाचलं गेलं. मराठी वळणाचा ‘ल’ काढता आला, हिंदी पुस्तकातला नव्हे. ‘ळ’ तर इतका देखणा आला की मी उगाचच एका गावकऱ्याच्या तोंडी ‘वेळ’, ‘सकाळ’ आणि ‘जवळ’ एकाच वाक्यात घातलं.

पण फरश्यांची संख्या हा दुसरा पेच. अक्षरांसाठी यंत्राच्या चित्रस्मृतीत १२८ फरश्यांची जागा असते. बाराखडी, जोडाक्षरं, रोमन मोठी अक्षरं आणि आकडे यांची बेरीज त्यात बसणं शक्यच नव्हतं. यावर गेमबॉयचे जुने भाषांतरकार एक युक्ती वापरतात: अक्षरं आधी भरून ठेवायचीच नाहीत. वाक्य जसं उमटेल तसं ते मोकळ्या फरश्यांवर त्या-त्या वेळी रंगवायचं. प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी धरता येते, ‘र’ अरुंद आणि ‘ज्ञ’ रुंद. अर्धी अक्षरंही आपोआप सुटतात, कारण ‘स्त’मधला ‘स्’ म्हणजे काना छाटलेला अरुंद ‘स’. अठरा फरश्या, दोन रांगा, दोन ओळी मिळून ७२ फरश्या रंगवायला राखून ठेवल्या. उरल्या ५६. त्यात रोमन मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं आणि ‘हो’, ‘नाही’ यांच्या तयार फरश्या, असं दाटीवाटीनं बसवलं.

ओळ वर सरकते तेव्हा काय करायचं, यानं मला दोन रात्री झोपू दिलं नाही. उत्तर आंघोळ करताना सुचलं. दुसरी ओळ पहिलीच्या जागी गेली की पहिलीच्या ३६ फरश्या रिकाम्या होतात. नवी ओळ त्यांवर रंगवायची. पुढच्या वेळी उलट. दोन पाट, आळीपाळीनं जेवायला बसणारी माणसं.

या भानगडीत आणखी एक गोष्ट कळली. हा अक्षरांचा कप्पा आणि गावातल्या माणसांच्या चालण्याची चित्रं चित्रस्मृतीत एकाच जागेत राहतात. तुम्ही कुणाशी बोललात की खेळ चालत्या पायांची चित्रं पुसून तिथं अक्षरं भरतो आणि चौकट बंद झाली की चित्रं परत आणतो. मूळ लेखकांनी ही कसरत केलेलीच होती, मी फक्त तिच्यात घुसले.

आता साठवणीची गोष्ट. मजकुरात एका अक्षराला एक बाइट, म्हणजे २५६ क्रमांक. त्यातले काही आज्ञांसाठी राखीव, काही चौकटीच्या कडांसाठी. मराठीसाठी जागा शोधताना पुन्हा त्याच वाड्यात शिरले. हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळावर आधारलेल्या मोजणीत, ०५ पासून ४८ पर्यंतचे क्रमांक जपानी आवृत्तीत डाकुतेनवाल्या अक्षरांना दिलेले होते. इंग्रजीत ते नुसते पडून होते. एकूण ६८. तिथं व्यंजनं, स्वर आणि मात्रा राहायला गेल्या. इंग्रजीची लहान अक्षरं हाकलून त्या जागी वारंवार येणारी जोडाक्षरं बसवली. युनिकोडमधला मराठी मजकूर घेऊन त्याचे हे क्रमांक करणारी एक पायथन स्क्रिप्ट लिहिली. ऱ्हस्व वेलांटी साठवताना व्यंजनानंतर असते पण दिसते आधी, रफार लिहिताना आधी असतो पण बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, ही सगळी उलथापालथ तीच करते. ‘बिऱ्हाड’मधला आपला अर्धचंद्रासारखा ‘ऱ्’ मी पहिल्या यादीत विसरले होते. ‘दुसऱ्या’ हा शब्द पहिल्यांदा आला तेव्हा पडद्यावर ठिगळ दिसलं आणि स्वतःची लाज वाटली. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त बाइट खातो, पण त्याची चिंता करावी लागली नाही. जपानी काडतूस ५१२ किलोबाइटचं होतं, इंग्रजी एक मेगाबाइटचं, आणि त्या मेगाबाइटातल्या शेवटच्या कितीतरी बँका, म्हणजे साठवणीचे कप्पे, मोकळ्याच आहेत. जपानी आवृत्तीत जागेची काय मारामार असेल ते म्यूच्या गोष्टीवरून कळतं: अगदी शेवटी, चाचणीसाठीचा कोड काढून टाकल्यावर, सुमारे ३०० बाइट मोकळे झाले आणि गेम फ्रीकचे प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी त्यात तो १५१ वा पोकेमॉन गुपचूप बसवला.

नावांच्या बाबतीत मी माघार घेतली. पोकेमॉनची नावं, चालींची नावं आणि मेन्यू एकरांगी जागेत, दाटीत येतात. तिथं देवनागरी बसवायची तर अर्धा खेळ नव्यानं लिहावा लागला असता. तेव्हा नावं रोमन आणि बोलणं मराठी. रोमन ‘पिकाचू’ला देवनागरी ‘ने’ चिकटलेला आधी विचित्र दिसतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर आपण दुसरं काय करतो?

इथवर सगळं संगणकावरच्या एम्युलेटरमध्ये, म्हणजे गेमबॉयची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, चाललं होतं. एका रविवारी फाइल पुन्हा लिहिता येणाऱ्या फ्लॅश काडतुसात भरली आणि खऱ्या गेमबॉयमध्ये खोचली. ओक आले, चौकट उघडली आणि अक्षरांना वाळवी लागली होती. कुठं काना गायब, कुठं मात्रेचा अर्धा ठिपका, ‘पाणी’चं ‘पणी’. दर वेळी वेगळं अक्षर तुटत होतं, म्हणजे चूक वहीतली नव्हती. दोषी मीच. खरं यंत्र पडद्यावर ओळ रंगवत असतं त्या क्षणी चित्रस्मृतीला हात लावू देत नाही. तेव्हा लिहिलेलं मुकाट्यानं हवेत जातं. मी वापरत होते तो एम्युलेटर इतका कडक नव्हता, त्यानं माझे लाड केले. सेकंदाला जवळपास साठ वेळा पडदा रंगवून झाला की एक मिलिसेकंदाहून जरा जास्त उसंत मिळते, लिहायचं ते तेव्हाच. त्या उसंतीत फरश्या पोचवणारा हमाल मूळ खेळात आहे, एका खेपेत आठ फरश्या वाहतो. मला एका अक्षराला जास्तीत जास्त चार लागतात. त्याच्या डोक्यावर ओझं दिलं आणि वाळवी गेली. मजकूर किंचित सावकाश उमटतो, पण भाच्याच्या वाचण्याच्या वेगाला तो बरोबर जुळला.

तांत्रिक भाग इथं संपला असं मला वाटलं होतं. पण मराठीला अजून तिचं व्याकरण हवं होतं.

इंग्रजीत ‘अमुक फेंटेड’ म्हटलं की काम झालं. मराठीत तो बेशुद्ध पडला, ती पडली की ते पडलं? पहिल्या पिढीच्या खेळात नर-मादी हा प्रकारच नाही, निडोरानची जोडी सोडली तर. लिंग आलं ते १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये. म्हणजे खेळाला माहीत नसलेली गोष्ट माझी भाषा दर वाक्याला विचारत होती. १५१ जणांना लिंग वाटून द्यायला मी बसलेही. बहिणीला फोन केला. तिच्या मते स्नॉरलॅक्स ‘ते’ आणि जिग्लिपफ ‘ती’, माझ्या मते मिऊथ ‘तो’, आणि गेंगारवरून आमचं वाजलं. मग क्रियापदालाच बगल द्यायची असं ठरवलं. वाक्याचा कर्ता बदलायचा. ‘अमक्याच्या अंगात त्राण उरलं नाही!’ इथं क्रियापद त्राणाशी जुळतं, पोकेमॉन कुणीही असो. ‘जंगली अमुक समोर!’ पातळी वाढली की ‘अमक्याची पातळी आता १२!’ पकडला की ‘अमुक तावडीत!’ आणि ‘सुपर इफेक्टिव्ह’ला ‘घाव वर्मी बसला!’ सुचलं तेव्हा, खरं सांगते, अडीच वर्षांचा शीण उतरला.

चाल वापरली की काय म्हणायचं, यावर मात्र त्या वाड्यानं आणखी एक कपाट उघडून दिलं. मला ‘अमक्याचा पंच!’, ‘अमक्याची किक!’ असं हवं होतं. म्हणजे चालीच्या नावावरून चा, ची की चे ते ठरणार. चाली १६५. यासाठी कुठं तक्ता घालावा म्हणून कोड चाळत होते, तर तक्ता आधीच हजर. जपानीत चालीचं नाव कसलं आहे त्यावर वाक्याचा शेवट बदलायचा, म्हणून चालींचे गट पाडलेले. इंग्रजी करताना पाच शेवटांच्या जागी पाचही वेळा एकच उद्गारचिन्ह ठेवलं आणि तक्ता तसाच सोडून दिला. पंचवीस वर्षं तो प्रत्येक चालीला इमानेइतबारे गट शोधून देतोय आणि त्याचं कुणी ऐकत नाही! मी त्यातल्या तीन गटांना चा, ची, चे केलं. जपानीत फरक शेवटी यायचा, मला तो नावाच्या आधी हवा होता, एवढी अदलाबदल करावी लागली. ‘वॉटर गन’ बंदूक म्हणून ती, ‘बबल’ बुडबुडा म्हणून तो. ‘स्प्लॅश’चं काय करायचं यावर घरात मतदान झालं. ‘तो’ जिंकला.

संवादांचं भाषांतर मी रोज रात्री जेवणानंतर करायचे, दिवसाला एखादं घर किंवा एखादा रस्ता. आधी मोह झाला होता की हिरोच्या पॅलेट टाउनचं कोकणातलं गाव करावं, ओकांना गुरुजी करावं. दोन रस्ते तसं करूनही पाहिलं आणि पुसून टाकलं. खेळ घडतो तो कांतो हा जपानमधला खराखुरा प्रदेश आहे, टोकियो त्यातच येतं. लहानपणी गवतात किडे पकडत हिंडणाऱ्या सातोशी ताजिरींच्या डोक्यातून निघालेलं ते गाव आहे. त्याला कौलं चढवून ते माझं झालं नसतं. बोलणं तेवढं आपलं.

बोलण्यात खरी मजा होती. हिरोची आई म्हणते, ‘पोरं एक दिवस घर सोडतातच. टीव्हीवर सांगत होते.’ ओकांचा नातू आजोबांना ‘किती ताटकळत ठेवायचं, आजोबा?’ म्हणतो आणि तुमच्याशी मात्र ‘अरे’ आणि ‘तुला जमणार का?’ ओक पहिल्याच भेटीत स्वतःच्या नातवाचं नाव विसरतात, तिथं ‘काय बरं नाव याचं...’ एवढं लिहिलं आणि ते थेट आमचे आजोबा झाले. ‘आपण’, ‘तू’, ‘तुम्ही’चा प्रश्न दर दुकानात यायचा. हिरो दहा-अकरा वर्षांचा पोरगा. दवाखान्यातली नर्स त्याला काय म्हणेल? शेवटी ती ‘तू’ म्हणाली नाही आणि ‘तुम्ही’ही नाही: ‘सगळे ठणठणीत! परत यायचं हं.’ तिसऱ्या रस्त्यावरचा चड्डीवाला मुलगा, ज्याला हाफ चड्डी का आवडते हे तो न विचारता सांगतो, त्याच्यासाठी सात मसुदे झाले. व्हिरिडियनच्या वाटेत आडवा पडलेला म्हातारा इंग्रजीत कॉफीवाचून अडलेला असतो. जपानीत तो चक्क दारू पिऊन पडलाय. माझ्याकडं त्याला चहा मिळाला नव्हता.

हाच म्हातारा पुढं एक प्रसिद्ध घोटाळा करतो. तो पोकेमॉन पकडून दाखवतो तेव्हा त्याचं नाव दिसावं म्हणून खेळ तुमचं नाव तात्पुरतं जंगली पोकेमॉनच्या यादीच्या जागी ठेवतो. मग सिनाबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पोहत राहिलात तर तुमच्या नावातली अक्षरंच पोकेमॉन म्हणून समोर येतात, मिसिंगनो नावाचा बिघडलेला पोकेमॉन त्यातलाच. मी मूळ खेळातल्या दोन चुका सुधारल्या: फोकस एनर्जी ही चाल जे वाढवायचं तेच कमी करते, आणि भुतांच्या चाली सायकिक पोकेमॉनवर चालतच नाहीत. मिसिंगनोला हात लावला नाही. खेळाडूचं नाव रोमनमध्येच ठेवल्यामुळं त्याचे बाइट बदलले नाहीत आणि तो घोटाळाही शाबूत राहिला. नावांबाबत घेतलेल्या माघारीचा एवढा तरी फायदा.

हे कुणाला देणार का, असं मित्र विचारतात. काडतुसाची फाइल देणं हा प्रश्नच येत नाही, ती माझी नाही. चाहते फार तर पॅच देतात, म्हणजे मूळ आणि नवा यातला नुसता फरक. तरीही २०१६ मध्ये नऊ वर्षं खपून केलेला ‘पोकेमॉन युरेनियम’ हा चाहत्यांचा खेळ पंधरा लाखांवर डाउनलोड झाल्यावर कायदेशीर नोटिसांमुळं मागे घेतला गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात चाहत्यांचाच ‘पोकेमॉन प्रिझम’ बाहेर पडायच्या आधीच थांबला. माझा पॅच घरातल्या तीन यंत्रांत आहे. सध्या तेवढं पुरे.

मागच्या मेमध्ये भाचा पुन्हा सांगलीला आला. आता सहावीत जाणार, इंग्रजी बरं वाचतो, त्यामुळं मला वाटलं याची हौस फिटली असेल. पण बसला. तिसऱ्या दिवशी दुपारी सॅफ्रनच्या नाक्यावर पोचला. मी भाजी निवडत होते, मुद्दाम मान वर केली नाही. पहारेकऱ्याचं मी लिहिलेलं वाक्य असं: ‘पहाऱ्यावर आहे रे. घसा नुसता कोरडा पडलाय! थांब, रस्ता बंद आहे.’

बटणाचा आवाज आला नाही. मग त्यानं विचारलं, “मावशी, इथं टपरी कुठंय?”

मी सांगितलं नाही. दादाला मेसेज टाकला, तो पुण्यात ऑफिसात होता. त्याचं उत्तर आलं, ‘सांगू नकोस त्याला.’ अर्ध्या तासानं गच्चीवरचं मशीन सापडलं. तिथं दोनशेचं पाणी, तीनशेचा सोडा आणि साडेतीनशेचं लिंबू सरबत मिळतं. पैसे असूनही त्यानं पाणीच घेतलं, पहाऱ्यावरच्या माणसाला सरबत कशाला, म्हणाला. बाटली खाली पडल्याचं वाक्य मात्र चौकटीच्या उजव्या कडेवरून बाहेर सांडत होतं, ‘पडली’तला ‘ली’ भिंतीत. मी भाजी बाजूला ठेवली आणि वहीत टिपून घेतलं.